छतावरचं ताट

भूगोल हा विषय मी अडतीस वर्षं शिकवला. तेव्हा दक्षिण दिशा कुठे असते हे मला कुणी सांगायची गरज नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं. आता आमच्या इमारतीतलं कुणीही जिन्यात भेटलं की "मास्तर, दक्षिण कुठे हो?" असं विचारतं आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातं. मी उत्तर देतही नाही. ज्ञानी माणसाची चेष्टा होणारच, हे मी मनाशी धरून चालतो.

प्रकरण सुरू झालं ते रालित्साच्या फोनमुळे. रालित्सा म्हणजे आमची मुलगी. संगीत शिकली, इथल्याच शाळेत दोन वर्षं गाणं शिकवलं आणि मग बल्गेरिया सोडून जर्मनीत एका वृद्धाश्रमात नोकरी धरून निघून गेली. त्याला चार वर्षं झाली. ज्या दिवशी ती निघाली त्या दिवशी बसस्टँडवर, सगळ्यांच्या देखत, मी तिला विचारलं होतं, की परक्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालायला तुला संगीत शिकवलं का. ती बसमध्ये चढली. तेव्हापासून ती दर रविवारी फोन करते. फोन मी उचलला तर मी तीन शब्द बोलतो: "थांब, आईला देतो." चार वर्षांत यात एका शब्दाची भर पडलेली नव्हती. ती पडावी असं मला रोज वाटायचं, पण सुरुवात कुणी करायची हा प्रश्न होता, आणि वयाने मोठ्या माणसाने ती करू नये असं माझं त्या वेळी मत होतं.

तर रालित्साने आईला सांगितलं, की तिने आश्रमातल्या म्हाताऱ्यांचं एक गाणारं मंडळ केलंय, आणि सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तिथल्या टीव्हीवर ते दाखवणार आहेत. तिची मुलाखतही घेऊन झालीय. दोच्का, म्हणजे माझी बायको, फोन ठेवून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चार वर्षांत मी तिचं तोंड बघितलेलं नाही. फोटोतली माणसं हलत नाहीत. मला ती हललेली बघायचीय," ती म्हणाली. "अहो, काहीही करा."

'काहीही करा' या शब्दांनी आमच्या संसारात आजवर बरंच काही झालंय, त्यात मोरीची गळती आणि दोन कोंबड्या येतात. पण या वेळी मी कुरकुर केली नाही. मलाही तिला बघायचं होतं, फक्त तसं म्हणायचं नव्हतं.

परदेशचा टीव्ही दिसायचा म्हणजे छतावर ताट हवं. त्या गोल अँटेनाला आमच्याकडे सगळे ताटच म्हणतात. हे ताट आणलं दोच्काच्या धाकट्या भावाने, गेन्कोने. तो आठ वर्षं जर्मनीत बांधकामावर आहे. वर्षातून तीन आठवडे सुट्टीवर येतो आणि ते तीन आठवडे आमच्या देशात काय काय चुकतं ते आम्हाला सांगतो. ताट त्याने गाडीच्या टपावर बांधून चार देशांतून आणलं. वाटेत कुठेतरी त्यातले दोन स्क्रू पडले आणि ते कसं लावायचं याचा कागद उडून गेला. कागद गेल्याचं मला काहीच वाटलं नाही. कागद ज्यांना भूगोल येत नाही त्यांच्यासाठी असतो.

पण ताट लावायचं छतावर, आणि छत सगळ्यांचं. आमच्या जिन्यात सोळा बिऱ्हाडं, त्यांच्या कारभारीण पराश्केवाबाई. या बाई पूर्वी सुताच्या गिरणीत हजेरी घ्यायच्या. गिरणी बंद पडली, पण हजेरी घ्यायची सवय राहिली. त्यांनी मला सांगितलं, की सोळा सह्या आणा आणि नगरपालिकेचा गोल शिक्का असलेला कागद आणा. चौकोनी शिक्का चालणार नाही, चौकोनी कुणीही मारतं.

नगरपालिकेत मी तीनदा गेलो. तिथल्या बाईंकडे परवानग्यांची एक छापील यादी होती आणि त्या यादीत ताट नव्हतं. गुरं होती, मधमाश्यांच्या पेट्या होत्या, थडगं बांधणं होतं. जे यादीत नाही त्याला परवानगी देता येत नाही आणि नाकारताही येत नाही, असं त्या म्हणाल्या. मी तिथल्या खुर्चीत बसून राहिलो. शेवटी जेवणाच्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी त्यांना माझी दया आली, किंवा भूक लागली, आणि यादीतलं त्यातल्या त्यात जवळचं कलम निवडून त्यांनी शिक्का मारला. त्या कागदाप्रमाणे मला ऐंशी सेंटिमीटर व्यासाची बाल्कनी काच लावून बंद करायची परवानगी आहे. पराश्केवाबाईंनी कागद उजेडात धरून बघितला. शिक्का गोल होता. मजकूर त्यांनी वाचला नाही.

या सगळ्याला नऊ दिवस लागले. नऊ दिवस ताट आमच्या बाल्कनीत पडून होतं, आणि घरात एवढं मोठं ताट रिकामं बघवत नाही म्हणून दोच्काने त्यात आलुबुखार वाळत घातले होते. पुढे ताटाच्या बाबतीत जे काही बिघडलं त्याला गेन्कोने प्रत्येक वेळी हे आलुबुखार कारण दिलं. जर्मनीत म्हणे ताटात कुणी काही वाळवत नाही.

सोळावी सही राहिली होती त्सेनोकाकांची. त्सेनोकाका वरच्या मजल्यावर एकटे राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, सैन्यात संदेश विभागात होते. छतावर जायची शिडी त्यांच्याच दारासमोर आहे आणि वरच्या झाकणाची किल्ली त्यांच्याच खुंटीला असते. त्यांनी सही करण्यापूर्वी माझी अर्धा तास उलटतपासणी घेतली, ताट वीज ओढतं का, कबुतरं त्यात अंडी घालतील का वगैरे. मग अट घातली, की माझ्या टीव्हीच्या पेटीतून एक तार त्यांच्याकडे सोडायची. जे तुम्हाला दिसेल ते मला दिसलं पाहिजे, असं ते म्हणाले. मला यात काही धोका दिसला नाही.

कार्यक्रमाच्या आठ दिवस आधीच्या शनिवारी आम्ही कामाला लागलो. आता इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे. आम्ही बल्गेरियन लोक 'हो' म्हणताना मान आडवी हलवतो आणि 'नाही' म्हणताना वरखाली. बाकीच्या जगात हे उलटं आहे म्हणतात. तो बाकीच्या जगाचा प्रश्न आहे. मी भूगोल शिकवताना मुलांना ही माहिती देत असे, पण परीक्षेत कधी विचारली नाही. ते माझं चुकलं.

मी छतावर ताट धरून उभा राहणार, दोच्का घरात टीव्हीसमोर, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाल्कनीत गेन्को. दोच्काने आतून सांगायचं, गेन्कोने ते मला वर कळवायचं, आणि चित्र आलं की मी नट आवळायचे, अशी योजना होती. ओरडून सांगायची सोय नव्हती. सप्टेंबरात आमच्याकडे हिवाळ्याची लाकडं कापायला फिरतं करवतयंत्र येतं, आणि त्या दिवशी ते नेमकं आमच्या अंगणात उभं होतं. यंत्रासमोर तोफेचा आवाजही कमी पडला असता. म्हणून गेन्को म्हणाला, "दाजी, मी मान हलवून सांगतो."

मी म्हटलं, बरं.

दक्षिणेपासून किंचित पश्चिमेला तोंड हवं, हे मी आदल्या दिवशी नकाशावर पट्टी ठेवून काढलं होतं. शाळेतून निरोपाच्या वेळी मिळालेलं होकायंत्र काढलं. छताला लोखंडी पत्रा आहे हे माझ्या लक्षात होतं, पण होकायंत्राच्या जास्त लक्षात होतं. काटा पराश्केवाबाईंच्या धुराड्याकडे बोट दाखवून थांबला. मी त्याचं ऐकलं. मग मी ताट इंचाइंचाने फिरवायला लागलो आणि दर इंचाला छताच्या कडेवरून पोटावर पालथा पडून खाली बघायला लागलो. आयुष्यभर मी या कल्पनेला हसत आलो, पण त्या दिवशी अक्षरशः ताटाखालचं मांजर झालो होतो.

साधारण तासाभराने गेन्कोने मान जोरजोरात वरखाली हलवली. एकदा नाही, पाच-सहा वेळा, आणि तोंडभर हसला. मला वाटलं, नाही म्हणायला एवढं हसायचं काय कारण? मेव्हण्यांना तसं कारण लागत नाही. मी ताट पुढे फिरवलं. गेन्को हात हवेत फेकू लागला. मी अजून फिरवलं. खालून दोच्का बाल्कनीत आली, तिने डोक्याला हात लावला आणि परत आत गेली. मी फिरवत राहिलो, आणखी तासभर. शेवटी ताट पूर्वेकडे बरंच सरकल्यावर गेन्कोने खिन्न चेहऱ्याने मान आडवी हलवली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. खिन्न का होईना, 'हो' मिळालं. मी चारही नट जीव खाऊन आवळले. पुन्हा हलू नयेत म्हणून खांबाच्या बुडाशी सिमेंटही थापलं. हात धुऊन, पायऱ्या उतरून, विजयी चेहऱ्याने घरात आलो.

पडद्यावर दोन तेल माखलेले पैलवान एकमेकांच्या पॅन्टला धरून उभे होते. चित्र फार सुंदर होतं, तेलाचा थेंबन् थेंब दिसत होता. समालोचन तुर्की भाषेत चाललं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"तेच तर मी तुम्हाला सांगत होतो, नाही नाही म्हणून," गेन्को म्हणाला. "आणि तासापूर्वी जर्मनी आलं होतं, तेव्हा हो हो म्हणून मान मोडायची वेळ आली माझी."

"तू 'हो' म्हणताना मान वरखाली केलीस?"

"मग कशी करतात?"

आठ वर्षांत त्याची मान तिकडची झाली होती आणि त्याला पत्ताही नव्हता. मला त्या क्षणी त्याचा राग आला आणि खरं सांगायचं तर थोडी भीतीही वाटली. माणूस भाषा विसरला तर कळतं, पण मान विसरला तर त्याला स्वतःलाही कळत नाही. रालित्साला तिकडे जाऊन चार वर्षं झाली होती. पण हा विचार मी तेव्हा फार वेळ धरून ठेवला नाही, कारण वरून त्सेनोकाका खाली आले होते.

त्सेनोकाकांच्या डोळ्यांत पाणी होतं. कुस्तीवर त्यांचा जीव. तरुणपणी स्वतः खेळलेले. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, की मास्तर, वीस वर्षांत या इमारतीत कुणी माझ्यासाठी काही केलं नाही, तुम्ही केलंत. मी म्हटलं, अहो काका, त्यात काय एवढं. दुसऱ्या दिवशी चार बिऱ्हाडं त्यांच्या खोलीत कुस्ती बघायला बसलेली होती. सोमवारी पराश्केवाबाई मला जिन्यात म्हणाल्या, की तुमच्या ताटामुळे जिन्यात एकोपा आला. अडतीस वर्षांच्या नोकरीत माझं एवढं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि तेही चुकीच्या दिशेबद्दल.

ताट परत फिरवायचंय हे मी बुधवारी सांगितलं, तेव्हा एकोपा माझ्या विरुद्ध झाला. त्सेनोकाकांनी किल्ली खुंटीवरून काढून खिशात टाकली. सोळा सह्यांतली माझी सही मी परत घेतो, असं म्हणाले. रविवारी दुपारी शेवटच्या लढती होत्या. दोच्काने त्यांच्याकडे जाऊन रालित्साचं सांगितलं. ती काय बोलली मला माहीत नाही, पण अर्ध्या तासाने ती किल्ली आणि एक कागद घेऊन आली. सैनिकी अक्षरात लिहिलं होतं, की रविवारी बारा ते साडेबारा ताट लोझान मुताफोव मास्तरांच्या दिशेला राहील, साडेबारानंतर त्सेनो यांच्या दिशेला. खाली दोन रेघा, दोन सह्यांसाठी. कार्यक्रम तिकडच्या अकराला, म्हणजे आपल्या बाराला, अर्ध्या तासाचा. मी हिशोब तपासला आणि सही केली. या संपूर्ण प्रकरणात माझा बरोबर आलेला हा एकमेव भूगोल.

रविवारी सकाळी मी सिमेंट छिन्नीने फोडलं. गेन्को बाल्कनीत आला. आदल्या अनुभवावरून शहाणा होऊन मी मनाशी ठरवलं होतं, की याची मान उलटी वाचायची. गेन्कोही शहाणा झाला होता. त्याने ठरवलं होतं, की आज आपल्या पद्धतीने हलवायची. दोघांनी एकमेकांना सांगितलं नाही, कारण दोघांनाही समजुतीचं श्रेय हवं होतं. साडेअकरापर्यंत आम्ही अशा प्रकारे एकमेकांना समजून घेत राहिलो. शेवटी दोच्का बाल्कनीत आली, तिने गेन्कोला बाजूला ढकललं आणि कांदा कापायची लाल पाटी वर धरली. पाटी वर म्हणजे आलं, खाली म्हणजे गेलं. चार मिनिटांत काम झालं. आमच्या घरात अक्कल कुणाकडे आहे हे पाटीने सिद्ध केलं, आणि दोच्काने ते बोलूनही दाखवलं.

बाराला वीस कमी असताना वीज गेली.

सप्टेंबरात आमच्या इमारतीत प्रत्येक बाल्कनीत लांबट लाल मिरच्या भाजायच्या विजेच्या शेगड्या चालू असतात. हिवाळ्याची चटणी बरण्यांत भरायची असते, आणि तो एक महिना इमारतीतली वीज, पाणी, माणुसकी, सगळं मिरच्यांना वाहिलेलं असतं. मी दारोदार गेलो. अडतीस वर्षांत ज्यांना ज्यांना मी नापास केलं होतं ते सगळे याच जिन्यात राहतात असं मला त्या दिवशी कळलं. पण मी रालित्साचं नाव घेतलं आणि लोकांनी शेगड्या बंद केल्या. पराश्केवाबाईंनी तर स्वतःची पहिली बंद केली आणि बाकीच्यांची हजेरी घेतली. मग फ्यूज पुन्हा बसवला आणि वीज आली. मिरच्या अर्ध्या भाजलेल्या, आणि आता करायचं काय, म्हणून सगळे मिरच्यांच्या परातींसकट आमच्या घरी आले. मिरच्या सोलत बसले. बारा वाजता आमच्या खोलीत अकरा माणसं होती. आले नव्हते ते फक्त त्सेनोकाका. ते वर छताच्या शिडीशी घड्याळ घेऊन बसले होते.

कार्यक्रम वेळेवर सुरू झाला नाही. आधी हवामान झालं, मग कुठल्याशा पुलाचं उद्घाटन. गेन्को म्हणाला, की जर्मनीत असं कधी होत नाही. मग एकदम एक मोठी खोली दिसली, खुर्च्यांवर बसलेले वीस-बावीस म्हातारे आणि त्यांच्यासमोर पाठमोरी उभी असलेली एक बाई. दोच्का म्हणाली, "खांदे बघा, माझे खांदे आहेत." बाई वळली, ती रालित्सा होती. केस कापलेले होते. बारीक झाली होती. चार वर्षं मी मनात तिचं जे तोंड धरून ठेवलं होतं ते बसस्टँडवरचं होतं, आणि हे तोंड त्याच्यापेक्षा शांत होतं.

तिने हात वर केला आणि म्हातारे गाऊ लागले. पहिली ओळ मला कळली नाही, इतके त्यांचे उच्चार वाकडे होते. दुसऱ्या ओळीला कळलं. द्राक्षं खुडताना माझी आई म्हणायची ते गाणं होतं. आई वारल्यावर घरात कुणी म्हटलं नव्हतं. रालित्सा तेव्हा पाच वर्षांची असेल, आजीच्या टोपलीशी बसायची. ते वीस जर्मन म्हातारे माझ्या आईचं गाणं चुकीच्या उच्चारांत आणि बरोबर सुरात म्हणत होते. खोलीत मिरच्या सोलायचं थांबलं. मी भूगोलाचा माणूस, पण माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते लपवायला जागा नव्हती. पराश्केवाबाईंनी मला आपल्या एप्रनचं टोक दिलं. त्याला मिरची लागलेली होती, त्यामुळे पुढचं मी एका डोळ्याने बघितलं.

मग मुलाखत. सूट घातलेला एक उंच माणूस रालित्सासमोर बसला आणि विचारायला लागला. गेन्को आम्हाला सांगत होता, किती वर्षं झाली, गाणं कुठलं, म्हाताऱ्यांना आवडतं का. ती नीट, न घाबरता बोलत होती. मग त्या माणसाने पुढे झुकून काहीतरी विचारलं.

"विचारतोय," गेन्को म्हणाला, "की परत जाल का मायदेशी, घरी."

रालित्साने मान हलवली. वरखाली, दोनदा, हळूच. मग ती हसली, बोलायला तोंड उघडलं, आणि पडद्यावर मुंग्या आल्या. मुंग्यांनंतर दोन पैलवान आले.

घड्याळात साडेबारा वाजले होते. त्सेनोकाकांनी वर ताट फिरवलं होतं. करार म्हणजे करार, आणि कागदावर सही माझी होती.

कुणी वर धावलं नाही. दोच्का खुर्चीत बसून म्हणाली, "नाही म्हणाली. बघितलंत ना? वरखाली केली मान. येणार नाही ती."

"अगं ताई, जर्मन माणसाला उत्तर देत होती," गेन्को म्हणाला. "तो तिकडच्या पद्धतीनेच समजणार ना. हो म्हणाली ती."

पराश्केवाबाई म्हणाल्या, की त्यांची भाची व्हिएन्नात सहा वर्षं आहे, अजून आपलीच मान हलवते, रक्तातलं जात नाही. कुणी म्हणालं, हसली म्हणजे हो. कुणी म्हणालं, वाईट वाटलं तरी माणूस हसतं. पराश्केवाबाईंनी हात वर करायला सांगितले. 'हो'ला पाच, 'नाही'ला चार. मी हात वर केला नाही, दोच्कानेही नाही, ती पैलवानांकडे बघत होती. माझ्या मुलीच्या मनात काय आहे ते बहुमताने ठरत होतं, आणि तिच्या बापाला ते माहीत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. ती नुसती वाटून गेली नाही, तिने मला खुर्चीतून उठवलं.

फोन बोळात असतो. नंबर मला पाठ नव्हता. तो दोच्काने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहिलेला होता, चार वर्षं प्रत्येक नव्या कॅलेंडरवर. मी फिरवला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"आई?"

"मी आहे," मी म्हणालो.

ती म्हणाली, "बाबा, थांबते मी, द्या आईला."

"आईला नाही देत. मीच बोलतोय." पुढे काय बोलायचं ते मी ठरवलं नव्हतं. "बघितलं आम्ही. गाणं बघितलं. आजीचं."

"आवडलं?"

"उच्चार सुधारायला हवेत," मी म्हणालो. अडतीस वर्षांची सवय. मग घाईघाईने म्हणालो, "आवडलं. फार आवडलं. पण शेवटी त्याने विचारलं ना, घरी जाल का म्हणून, तेव्हा तू मान हलवलीस आणि आमच्याकडचं चित्र गेलं. पुढे काय बोललीस ते कळलं नाही. इथे मतदान चाललंय."

ती हसली. मग हसू थांबलं. "मी म्हटलं, जाईन. पण माझे वडील फोनवर तीनच शब्द बोलतात, आणि त्यात 'ये' नाहीये."

हे तिने जर्मनीतल्या सगळ्या लोकांसमोर सांगितलं होतं. बसस्टँडवर मी जे बोललो होतो ते फार तर चाळीस माणसांनी ऐकलं असेल. तेव्हा फिट्टंफाट झाली म्हणायला हरकत नव्हती, पण माझ्या हिशोबाने अजून माझ्याच अंगावर काही निघत होतं.

"ये," मी म्हणालो.

पलीकडून काही आवाज आला नाही. तार तुटली की काय असं वाटलं. मग माझ्या लक्षात आलं.

"रालित्सा, तोंडाने सांग बाई. मान दिसत नाही इथून."

"आडवी हलवतेय, बाबा," ती म्हणाली. "आपली आडवी."

मी बोळातून वळून बघितलं. खोलीच्या दारात दोच्का उभी होती, तिच्यामागे गेन्को, पराश्केवाबाई आणि मिरच्यांच्या परातींसह सगळा जिना. सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. मी नुसती मान हलवली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे. आणि या वेळी गेन्कोलासुद्धा ती बरोबर कळली.